ताणमुक्तीची कार्यशाळा

“सगळ्या स्टाफला घेऊन या. एकही जण सुटता कामा नये,” तालुका आरोग्य अधिकारी हळदणकर साहेब फोनवर म्हणाले.

माझ्या एका हातात सलाईनची बाटली होती आणि मोबाइल कान न् खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला. समोर दोन बाकं जोडून झोपवलेल्या आजीबाईंची शीर सापडत नव्हती. मगदूम सिस्टर त्यांच्या मनगटावर टिचक्या मारून पुन्हा पुन्हा शोधत होत्या.

“कशासाठी, सर?”

“ताणमुक्ती कार्यशाळा. पूरग्रस्त भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. पुण्याहून तज्ज्ञ येतायत. उद्या सकाळी, तालुक्याला, मंगल कार्यालयात.”

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

“सर, इथे तिसरीच्या वर्गात जुलाबाचे पेशंट जमिनीवर झोपवलेत. चौथीचा वर्गही भरत आलाय. मी तुमच्याकडे दोन सिस्टर मागितल्या होत्या.”

“सिस्टर कुठून आणू मी? सगळ्या नदीकाठाला हेच चाललंय. आणि तुमच्याकडे मगदूम सिस्टर आहेत की. पेपरात फोटो आलाय त्यांचा. अशी एक बाई असली की दहा जणींचं काम होतं.”

“सर, त्या एका बाईला—”

“उद्या सकाळी, चौगुले. वरून आदेश आहे. गैरहजर राहिलात तर खुलासा द्यावा लागेल.” फोन बंद झाला.

त्याच क्षणी सिस्टरना शीर सापडली. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, खिडकीच्या गजाला अडकवली आणि विचारलं, “काय म्हणत होते साहेब?”

“आपल्याला ताण आलाय म्हणे. तो घालवायला उद्या बोलावलंय.”

सिस्टर हसल्या नाहीत. “मग इथं कोण?” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

तेव्हा मी माळशिवड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, नोकरीला जेमतेम दुसरं वर्ष लागलेलं. महापुराचं पाणी ओसरलं होतं, पण केंद्राच्या इमारतीत गुडघाभर गाळ साचला होता, म्हणून आम्ही टेकाडावरच्या शाळेत दवाखाना मांडला होता. विहिरींत, आडांत, सगळीकडे घाण पाणी शिरलेलं. पुरातून वाचलेली माणसं आता जुलाब-उलट्यांनी आडवी होत होती. माझ्या हाताशी मगदूम सिस्टर, आरोग्यसेवक वसंत कोळी, जीपचा ड्रायव्हर दस्तगीर आणि गावातल्या आशाताई. दुसऱ्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर होत्या.

मगदूम सिस्टरांचं घर नदीच्या पलीकडच्या अंगाला, नदीवेस म्हणून वस्ती आहे तिथे. पाणी चढायला लागलं तेव्हा त्या ड्युटीवर होत्या, आणि तेव्हापासून ड्युटीवरच होत्या. नवरा आणि सासूबाई वेळेत बाहेर पडून नणंदेकडे गेले होते. घर मात्र पडलं. हे मला दस्तगीरनं सांगितलं. सिस्टरनी स्वतः एका शब्दानं विषय काढला नव्हता. पाणी उतरलं, रस्ता मोकळा झाला, तरी त्या गेल्या नाहीत. शाळेच्या मुलींच्या बाथरूममध्ये आंघोळ करायच्या, कुणीतरी दिलेल्या साड्या नेसायच्या आणि ऑफिसच्या खोलीत टेबलाला डोकं टेकवून जेवढा डोळा लागेल तेवढा. कोणी नुसतं खोकलं तरी उठून बसायच्या.

मी त्यांना किती वेळा घरी जा म्हटलं असेल! आधी प्रेमानं म्हटलं, मग चिडून, शेवटी तर लेखी आदेश काढीन अशी धमकीसुद्धा दिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर. “पेशंट आहेत की, मॅडम.”

त्यात एका पत्रकारानं भर घातली. ‘घर पाण्यात, सिस्टर कर्तव्यावर’ असा मथळा, खाली सिस्टरांचा फोटो. सरपंचांनी ते कात्रण शाळेच्या दारावर चिकटवलं. येणारा-जाणारा सिस्टरांना हात जोडायला लागला. बायका ओटी भरायला नारळ घेऊन यायच्या. अशा बाईला घरी पाठवायचं म्हणजे देवळातली मूर्ती उचलून न्यायची. मी पुन्हा विषय काढला की सरपंचच मध्ये पडायचे. “मॅडम, त्यांची सेवावृत्ती आहे. आपण आडवं येऊ नये.”

आडवं! मी दात खाऊन गप्प बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त अशक्त झालेल्या पेशंटना ग्रामीण रुग्णालयात पाठवून दिलं. उरलेल्यांना वसंत आणि आशाताईंच्या भरवशावर ठेवलं आणि आम्ही तिघं निघालो. हळदणकर साहेबांचं ‘एकही जण’ मी तेवढं मोडलं. वसंतला कोण मोजायला येणार होतं?

जीपमध्ये पुढे दस्तगीर आणि मी, मागे सिस्टर. दोन्ही बाजूंचा ऊस आडवा होऊन काळा पडलेला, वास नकोसा. दस्तगीर पूर आल्यापासून रस्त्यावरच होता. औषधं आणायची, पेशंट पोचवायचे, टँकरला वाट दाखवायची, आणि मध्येच साहेब लोकांना पाहणीसाठी फिरवायचं.

नदीवेसचा फाटा आला तसा त्यानं वेग कमी केला.

“सिस्टर, आत वळवू का? उभ्या उभ्या बघून येऊ घर.”

“नको. उशीर होईल.”

“हितंच तर हाय. मॅडम काय न्हाई म्हणणार न्हाईत.”

“मी कशाला नाही म्हणू? वळव,” मी म्हटलं.

“नको म्हटलं ना!” सिस्टर एवढ्या जोरात ओरडल्या की दस्तगीर दचकला. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “कार्यशाळेला वेळेत पोचायचंय.”

जिला त्या कार्यशाळेत काडीचा रस नव्हता, ती बाई हे म्हणत होती. मला राग आला. मनात आलं, आता या स्वतःच त्या फोटोतल्या बाईच्या प्रेमात पडल्यात.

फाटा मागे पडला. थोडं पुढे गेल्यावर जीप संथपणे डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं, खड्डा चुकवतोय. मग पाहिलं तर दस्तगीरची हनुवटी छातीला टेकलेली.

“दस्तगीर!”

त्यानं ब्रेक दाबला तोवर पुढचं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली उतरलं होतं. जीप तिरकी होऊन थांबली. खाली कालवा, अजून तुडुंब भरलेला.

दस्तगीर उतरला, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “झोप न्हवती, मॅडम. डोळा चिकटला नुसता.”

“चिकटला? आत्ता आपण तिघं कालव्यात असतो!”

“कुणाला सांगू नका. लायसनचा घोळ हुतोय.”

रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून जीप वर ओढली. उरलेला सगळा रस्ता मी दस्तगीरशी मोठमोठ्यानं बोलत राहिले, त्याच्या मुलींची नावं, त्यांच्या शाळा, त्याच्या सासुरवाडीचं गाव, जे सुचेल ते. मागे सिस्टर बाहेर बघत होत्या. एवढं होऊनही त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, आणि का कोण जाणे, मला कालव्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

मंगल कार्यालयाच्या दारात फुलांची कमान होती. बहुधा आदल्या दिवशीच्या कुठल्याशा कार्यक्रमाची, पण तीच आमच्या स्वागताला चालवून घेतलेली. आत तालुकाभरातल्या सिस्टर, आरोग्यसेवक, ड्रायव्हर भिंतीला टेकून बसलेले. स्टेजवर पडदा, प्रोजेक्टर, समई. एका टेबलावर रंगीत फुग्यांची पाकिटं. फुगे बघितले आणि माझं डोकंच फिरलं.

स्टेजजवळ माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, खादीचा कुडता घातलेली बाई वायरशी खटपट करत होती. शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली दोन तरुण पोरं. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तज्ज्ञ तुम्हीच का?”

“हो. डॉ. यामिनी देवस्थळी. मी मनोविकारतज्ज्ञ—”

“मग आधी एक सांगा. हे फुगे कशासाठी?”

“श्वासाचा एक व्यायाम आहे. फुगा फुगवताना—”

“आमचा ड्रायव्हर आत्ता इथे येताना स्टिअरिंगवर झोपला. तुमच्या कार्यशाळेला येताना! चाक कालव्याकडे गेलं. कालव्यात पडलो असतो, तर तुम्ही आमच्यासाठी दोन मिनिटं शांत उभ्या राहिला असता, आणि मग फुगे फुगवले असते. तिकडे माझ्या पेशंटना बघायला एक आरोग्यसेवक आहे. आज आम्हाला ताण कसला आहे म्हणाल तर तुमचा आहे.”

हॉलमध्ये सगळे ऐकत होते. मला ते कळत होतं, पण आवाज खाली येत नव्हता.

तिनं हातातली वायर खाली ठेवली. वाद घातला नाही. माझ्या खांद्यावरून हॉलकडे बघत राहिली. मग मोठ्यानं सगळ्यांना विचारलं, “रात्रभर सलग झोप कुणाकुणाला मिळाली? पूर आल्यापासून कधीही. हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. मागे कुणीतरी घोरत होतं. त्यावर थोडे लोक हसले.

ती त्या दोन पोरांकडे वळली. “तुम्ही दोघं माझी गाडी घ्या आणि माळशिवड्याला जा. सलाईन लावायला विसरला नाहीत ना?” मग मला म्हणाली, “दोघे डॉक्टरच आहेत, माझ्याकडे शिकतायत. चालतील?”

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरच्यानं एकदम मान्य केलं की पुढचं पाऊल कुठे टाकावं हेच कळत नाही. मी त्यांना वसंतचा नंबर दिला, रस्ता समजावला. पोरं गेली.

“आता मला सांगा,” ती कार्यालयाच्या रखवालदाराला म्हणाली, “इथे वऱ्हाडासाठी गाद्या असतील ना?”

“हायत की. वरपक्षाच्या खोलीत बी हायत, वधूपक्षाच्या बी.”

“किल्ल्या द्या.”

बायकांना वधूपक्षाची खोली, पुरुषांना वरपक्षाची. लोकांचा आधी विश्वासच बसेना. एका आरोग्यसेवकानं विचारलं, “मॅडम, हजेरी लागंल न्हवं?” ती म्हणाली, “लागेल. झोपलेल्यांची आधी.” मग जी काही धांदल उडाली! गाद्या ओढल्या गेल्या, चपला निघाल्या, आणि बघता बघता दोन्ही खोल्या शांत झाल्या. दस्तगीर तर गादीपर्यंतही पोचला नाही. दाराजवळच्या सतरंजीवर आडवा झाला तो झालाच.

मगदूम सिस्टर मात्र हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसून राहिल्या.

“तुम्ही?” डॉ. यामिनींनी विचारलं.

“मला झोप येत नाही. मी माळशिवड्याला जाते त्या पोरांबरोबर. गाडी गेली का?”

“गेली.”

“मग मी एसटीनं जाते.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉ. यामिनींनी मला नजरेनं थांबवलं आणि सिस्टरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

“झोपू नका. नुसत्या पडा. गावाहून फोन आला तर मी स्वतः उठवीन.”

“नक्की?”

“नक्की.”

सिस्टर उठून आत गेल्या. थोड्या वेळानं मी दारातून डोकावले. त्या कडेच्या गादीवर, पर्स छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या.

दुपारच्या सुमाराला हळदणकर साहेबांची गाडी वाजली. सोबत फोटोग्राफर आणि हार घेतलेला शिपाई. साहेबांनी रिकाम्या हॉलकडे पाहिलं, न पेटलेल्या समईकडे पाहिलं.

“लोक कुठे आहेत?”

डॉ. यामिनी उठून वधूपक्षाच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी.

“प्रात्यक्षिक चालू आहे, सर.”

साहेबांनी आमच्या मधून आत मान घातली. मग सावकाश बाहेर काढली.

“हे झोपलेत.”

“हो.”

“चौगुले, हे तुम्ही केलंत? मला वर काय दाखवायचं? उद्घाटन नाही, फोटो नाही! उठवा सगळ्यांना. समई लावू, एक फोटो काढू, मग झोपू दे.”

“नाही उठवणार, सर,” मी म्हटलं.

“काय?”

“माझा ड्रायव्हर आज गाडी चालवता चालवता झोपला. मी गाडीत होते. उद्या गाडीत पेशंट असेल, परवा तुम्ही असाल. माझ्याकडे खुलासा मागा, मी देईन. पण आत जायचं असेल तर मला बाजूला करावं लागेल.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला, त्यांनी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. फोटोग्राफर शिपायाच्या कानात काहीतरी कुजबुजला.

“सर,” डॉ. यामिनी हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही स्वतः कधी झोपलात?”

“त्याचा इथे काय संबंध?” ते खेकसले. पण लगेच वळले नाहीत. हॉलमधल्या एका खुर्चीवर बसले, चष्मा काढला, डोळे चोळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सिस्टर मागायला जिल्ह्याला चारदा गेलो मी, चौगुले. तुम्हाला वाटतं, मी नुसता फोन ठेवतो.”

मोबाइल तिसऱ्यांदा वाजला. या वेळी त्यांनी उचलला. “हो सर. हो, कार्यशाळा व्यवस्थित चालू आहे सर. पूर्ण उपस्थिती.” असं बोलत बोलत ते बाहेर गेले. हार तसाच परत गेला. त्या दिवसाबद्दल त्यांनी माझ्याकडे कधीच खुलासा मागितला नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या तालुक्यातून दोन सिस्टर आमच्याकडे आल्या. त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.

उन्हं कलायला लागली तशी माणसं एकेक करून उठू लागली. कार्यालयाच्या आचाऱ्यानं पिठलं-भात केला होता. केस विस्कटलेल्या, गालावर उशीचे वळ उमटलेल्या सिस्टर पंगतीत बसून एकमेकींना हसत होत्या. फुग्यांची पाकिटं शेवटपर्यंत कुणी फोडली नाहीत. माळशिवड्याहून फोन आला. पोरांनी दवाखाना नीट सांभाळला होता. डॉ. यामिनींना आपली गाडी घ्यायला आमच्या गावी यायचंच होतं, म्हणून त्या आमच्याच जीपमध्ये बसल्या. दस्तगीर शीळ घालत गाडी चालवत होता.

नदीवेसचा फाटा आला तेव्हा मागून सिस्टरांचा आवाज आला.

“दस्तगीर, आत घे.”

दस्तगीरनं काही न विचारता गाडी वळवली.

वस्तीत चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. माणसं आपापल्या दारात भांडी घासत, उन्हात मांडलेली कपाटं आत घेत होती. सिस्टरनी हातानं खूण केली तिथे दस्तगीर थांबला. मला आधी घर दिसलंच नाही. दोन घरांच्या मध्ये मातीचा नि पत्र्यांचा ढीग होता, आणि त्यातून चौकटीसकट एक दार उभं होतं.

सिस्टर उतरल्या. ढिगापर्यंत गेल्या. थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि रडायला लागल्या. इतका मोठा आवाज त्या एवढ्याशा बाईत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या.

मी दार उघडून उतरणार होते. डॉ. यामिनींनी माझं मनगट धरलं.

“आत्ता नको.”

“अहो, पण—”

“आत्ता नको, डॉक्टर. बसा.”

म्हणून मी बसले. इतक्या दिवसांत काही न करता बसण्याची माझीही ती पहिलीच वेळ असावी. शेजारची एक म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन सिस्टरांजवळ गेली, पाठीवर हात ठेवून बसली. दस्तगीरनं गाडीचं इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं सिस्टर परत आल्या. पदरानं तोंड पुसलं, जीपमध्ये बसल्या.

“मालकांनी फोनवर सांगितलं होतं, घर गेलं म्हणून,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनीही सांगितलं. पण मी बघितलं नव्हतं तोवर ते उभंच होतं की, मॅडम.”

मी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना केलेल्या सगळ्या विनवण्या, दिलेल्या धमक्या, दारावर चिकटलेलं ते कात्रण, सगळं डोक्यात गोळा झालं होतं, आणि त्यातलं एकही आता बोलण्यासारखं नव्हतं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “उद्या मी येणार नाही.”

“नका येऊ,” मी म्हटलं.

“परवाही बघते.”

“परवाही नका येऊ.”

दस्तगीरनं गाडी सुरू केली आणि न विचारता सिस्टरांच्या नणंदेच्या गावाचा रस्ता धरला.